सिरिंजमधला बुडबुडा

“अहो काका, हवा कशाला काढताय?”

टाके काढायला घरी आलेली नर्स हातमोजे उतरवता उतरवता हसली, आणि त्याचा अंगठा सिरिंजच्या दांड्यावर तसाच थांबला. सुई वर, खिडकीतल्या उजेडाकडे धरलेली. टोकाशी एक थेंब जमला होता, तो आता सुईवरून ओघळून त्याच्या बोटावर उतरत होता. रोज उतरायचा तसाच. पलंगावर बायको गाऊन वर सारून, पोट उघडं टाकून, छताकडे बघत पडली होती. “काढायची नसते?” त्याने विचारलं, आणि आपला आवाज किती बारीक झालाय हे त्यालाच ऐकू आलं. “या सिरिंजमधली नाही काढायची. ती हवा मोजूनच भरलेली असते. काढायला गेलात की तिच्याबरोबर औषधही जातं थोडं. हॉस्पिटलात शिकवलं नव्हतं का तुम्हाला? रोज काढत होतात?” त्याने मान हलवली. हो की नाही, ते त्यालाही कळलं नसावं. नर्स म्हणाली, असू दे, आता नका काढू, रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणूनच आहे ना ते औषध, पूर्ण गेलेलं बरं. मग बायकोच्या पायावर, हॉस्पिटलाने दिलेल्या घट्ट मोज्यावरूनच हात फिरवत तिने विचारलं, “पोटरीबिटरी दुखत नाही ना, काकू?” बायको म्हणाली, “नाही.” पण ते ‘नाही’ जरा उशिरा आलं. नर्सला ते जाणवलं नाही. तिला अजून बरीच घरं करायची होती. पिशवी खांद्याला अडकवून ती जिना उतरलीसुद्धा, आणि तो बोटावरचा थेंब तसाच धरून उभा राहिला, जणू परत आत घालता येणार होता.

उरलेलं औषध त्याने टोचलं. टोचलं म्हणजे काय, हाताने टोचलं. तो स्वतः तिथे नव्हताच. हवा काढायची नसते. असं कसं? जगात अशी कुठली नळी आहे जिच्यातली हवा काढायची नसते? बस डेपोच्या ज्या छोट्या गाड्या तेलाच्या ब्रेकवर चालायच्या, त्यांच्याखाली पाठीवर पडून त्याने आख्खा जन्म काढला होता, आणि त्या जन्माचं सार काढायला सांगितलं असतं तर तो एवढंच म्हणाला असता, की आधी हवा काढा. तेल दबत नाही, हवा दबते. नळीत हवा राहिली की ड्रायव्हर पायाने दाबतो आणि गाडी थांबत नाही. चाकामागची हवा सोडायची बारीक चावी सैल करायची, तिला रबरी नळी लावून दुसरं टोक तेलाच्या बाटलीत बुडवायचं, आणि वर सीटवर बसलेल्या जोडीदाराला ओरडायचं, दाब. धरून ठेव. सोड. बाटलीत बुडबुडे येत राहायचे, आधी मोठे, मग बारीक, मग एखाददुसरा. शेवटचा बुडबुडा येऊन गेला तरी तो थांबायचा नाही. अजून एकदा, आणि अजून एकदा. थोडं तेल वाया जायचं, गेलं तर गेलं. वाया गेलेल्या तेलाने कोणी मरत नाही, राहिलेल्या हवेने मरतं. त्याच्या हाताखालून गेलेल्या गाडीचा पेडल दगडासारखा लागायचा. डेपोत त्याचं नावच पडलं होतं, घट्टमामा. आणि या माणसाला, साठी उलटल्यावर, स्वतःच्या घरात, बायकोच्या उघड्या पोटासमोर, हसत हसत सांगून जायचं की हवा काढायची नसते. तळपायाची आग मस्तकात गेली. पण राग काढायचा कोणावर? नर्सवर? तिने तर खरं तेच सांगितलं.

शिकवलं होतं की नव्हतं? हॉस्पिटलातून सोडायच्या सकाळी एक नर्स घाईघाईने आली होती, हे त्याला आठवत होतं. बायकोचा खुब्याचा सांधा बदललेला, तिला पहिल्यांदाच वॉकरवर धरून दारापर्यंत नेलेलं, औषधांच्या पिशवीची गाठ सुटत नव्हती, मुलगी फोनवरून विचारत होती की बाबा नीट लिहून घेताय ना, आणि त्या गडबडीत ती नर्स म्हणत होती, चिमटीत कातडी धरा, सुई सरळ घाला, हळू दाबा, चोळू नका, झालं. समजलं ना? तो म्हणाला होता, समजलं. म्हणताना थोडं हसलाही होता. म्हणजे काय, नळी, दांडा, दाब, हे त्याला काय शिकवायचं? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, याचं उलटंच होतं. याला नाचता येत होतं म्हणून अंगण बघितलंच नाही. ती मध्ये काही म्हणाली असेल का, हवेला हात लावू नका, असं? त्याने डोकं खाजवून खाजवून ते वाक्य शोधलं. कधी वाटायचं म्हणाली होती, आवाजासकट ऐकू यायचं. कधी वाटायचं, हे आपण आत्ताच तिच्या तोंडी घातलं. म्हणाली असेल तर चूक आपली. नसेल म्हणाली तर तिची. हे एवढं तरी ठरू द्या, असं त्याला ओरडावंसं वाटलं. पण इथे स्वयंपाकघरात उभं राहून ओरडून काय होणार? कुकर ऐकणार?

पहिल्या दिवशी घरी टोचताना तो अवघडला होता, आणि ते सुईमुळे नव्हतं. बायकोचा खुबा दुखायला लागल्यापासून दोघांचे पलंग वेगळे झाले होते. ते वेगळे करताना कोणी काही बोललं नव्हतं. तिला कूस बदलायला त्रास होतो, एवढंच कारण, आणि ते खरंही होतं. पण त्यानंतर तिला हात लावायचा प्रसंगच असा आला नव्हता. आणि आता एकदम पोट. बेंबीपासून दोन बोटं बाजूला, आज उजवीकडे, उद्या डावीकडे, कातडीची घडी चिमटीत. ती घडी कोमट होती, मऊ होती, त्याच्या बोटांना अनोळखी होती. त्याला लाज वाटली. या वयात, स्वतःच्या बायकोची. लाज वाटली की तो ज्या गोष्टीने ती झाकायचा तिनेच झाकली, म्हणजे सफाईने. सुई वर केली, टिचकी मारली, बुडबुडा टोकाशी आणला, दाबला, थेंब येऊ दिला, अजून एक येऊ दिला. अस्सल कारागिरासारखं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तसंच केलं तेव्हा ती म्हणाली होती, “अहो, पोटावर काहीतरी सांडतंय. औषधच आहे का ते?” आणि तो म्हणाला होता, “मग काय हवा टोचू तुला? मला शिकवू नकोस.” त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. रोज थेंब सांडला, रोज तो तिच्या पोटावर गार लागला असणार, आणि रोज तिने छताकडे बघितलं.

हे सगळं आठवलं. तो पुन्हा खोलीत आला. ती पाऊल वर-खाली करत होती, सांगितल्याप्रमाणे. व्यायाम शिकवायला आलेली बाई म्हणाली होती, गाडीचा ब्रेक दाबतात ना आजी, तसं पाऊल दाबा, सोडा, दाबा, सोडा, म्हणजे रक्त साचत नाही. त्यावर तिघंही हसले होते. बायको म्हणाली होती, यांच्या घरात राहून शेवटी मलाही ब्रेकच दाबायला लागले बघा. आता ती दाबत होती, पण डावं पाऊल अर्ध्यात थांबत होतं. त्याने ते बघितलं. पूर्वीही दिसलं असेल, पण आत्ता बघितलं. “मोजे काढू दे जरा,” तो म्हणाला. “धुवायचेत.” “काल तर धुतलेत,” ती म्हणाली. “काढू दे म्हणतो ना.” तिने पाय हलवायचे थांबवले. मोजे गुडघ्याखालून सोलत आणताना डाव्या पायाला त्याला ओढावं लागलं. दोन्ही पोटऱ्या उघड्या पडल्यावर त्याने काही मोजलं नाही की दाबलं नाही. त्याने फक्त हाताची मागची बाजू एकीला लावली, मग दुसरीला. गाडी फिरवून आणली की चारही चाकांना तो असाच हात लावत जायचा. ज्या चाकात काही अडकलेलं असेल ते तापलेलं लागतं. डोळ्यांना फसवता येतं, हाताच्या मागच्या बाजूला नाही. डावी पोटरी तापली होती. आणि टणक होती, आणि उजवीपेक्षा चांगली जाड, कातडी ताणून चकचकीत झालेली.

“दुखतंय?”

“थोडं.”

“कधीपासून?”

“झाले दोन-तीन दिवस.”

“मग मघाशी तिला नाही कशाला म्हणालीस? मला का नाही सांगितलंस?”

ती गाऊनचा काठ खाली ओढत राहिली. मग साध्या आवाजात, उद्या दूध जास्त घ्यायचंय असं सांगावं तशी म्हणाली, “सांगितलं असतं तर तुम्ही चिडला असता. व्यायाम नीट करत नाहीस म्हणाला असता.”

त्यावर तो चिडला. म्हणजे त्याच्या तोंडून जे आलं ते असं, की मी काय राक्षस आहे का, जिवावर बेतलं तरी सांगायचं नाही का, लहान मूल आहेस का तू. बोलता बोलता त्याला ऐकू येत होतं की हेच ते, हेच ती म्हणत होती. पण जीभ उतारावर लागली होती, आणि तिला ब्रेक नव्हता. ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, हेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. मग त्याने हॉस्पिटलात फोन लावला. फोनमधल्या बाईने एक दाबा, दोन दाबा करत त्याला इतकं फिरवलं की शेवटी त्याने आकड्यांवर मूठ आपटली. तेव्हा कुठे एक माणूस बोलला आणि म्हणाला, ताबडतोब घेऊन या, आणि दम लागतोय का, छातीत दुखतंय का ते विचारा. त्याने विचारलं. ती म्हणाली नाही. आता त्या ‘नाही’वर विश्वास कसा ठेवायचा? “खरं सांग,” तो म्हणाला. “खरंच नाही हो,” ती म्हणाली, आणि त्याला दिसलं की ती घाबरली आहे. पायाला नाही, त्याला.

टॅक्सीत ती मागे आडवी, तो पुढे. ड्रायव्हर सिग्नलला ब्रेक दाबायचा तेव्हा गाडी किंचित डावीकडे ओढायची. त्याला ते सीटमधून कळत होतं, आणि त्याला ते आज नको होतं. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर लाकडी बाक होता. आतून मधूनमधून एक आवाज यायचा, भुस्स, भुस्स, रक्त वाहतं त्याचा, आणि मग मध्येच शांत व्हायचं. शांत झालं की तो उठून उभा राहायचा. त्याने नळ्यांचं चित्र डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. रक्त पातळ ठेवायचं औषध आत जातंय, त्यातला थेंब बाहेर, पुन्हा थेंब बाहेर, आणि तिकडे पोटरीत कुठेतरी वळणावर घट्ट होत चाललेलं काहीतरी. घट्ट. हयातभर ज्या शब्दासाठी शाबासकी मिळाली तोच. गाठ निघाली. लहान आहे, पोटरीतच आहे, वर सरकलेली नाही, असं तपासणाऱ्या मुलीने सांगितलं, आणि ते ‘लहान’ त्याच्या कानाला चांगलं लागलं नाही. सरकलेली नाही म्हणजे सरकू शकते. सरकून कुठे जाते तेही फोनवरच्या माणसाने छातीबद्दल विचारलं तेव्हाच त्याला कळलं होतं.

डॉक्टर तरुण होते, नम्र होते, आणि त्यांना बसायला वेळ होता, त्यामुळे त्यांच्यावर चिडायचीही सोय नव्हती. डोस वाढवू, काही दिवस सकाळ-संध्याकाळ टोचायचं, मग गोळ्यांवर आणू, दम लागला तर क्षणभर थांबायचं नाही, असं त्यांनी नीट समजावलं. तो ऐकत होता आणि ऐकत नव्हता. शेवटी म्हणाला, “डॉक्टर, मी रोज हवा काढत होतो.” डॉक्टरांना आधी कळलं नाही. मग त्याने हात वर करून, अंगठ्याने दाबून दाखवलं. “किती औषध गेलं असेल?” डॉक्टरांनी विचारलं. “थेंब. दोन थेंब. रोज. कधी जास्त.” “हं,” डॉक्टर म्हणाले. “त्यामुळे झालं का?” “सांगता येत नाही, काका. पूर्ण डोस घेऊनही गाठ होते काहींना. आणि काहींना औषध चुकलं तरी होत नाही.” “पण हिला कशामुळे झालं?” “नक्की असं नाही सांगता येणार.” तो खुर्चीत पुढे सरकला. “डेपोत गाडी ठोकली ना, की चौकशी व्हायची. एकेक भाग सुटा करायचे. आणि कारण निघायचं. वॉशर गेला, नळी गळली, माणसाने चावी सैल ठेवली. निघायचंच. ज्याची चूक त्याचं नाव यायचं. तुम्ही मला एवढंच सांगा, नाव माझं की नाही?” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “काका, माणूस सुटा करून नाही बघता येत,” ते म्हणाले. “दोन थेंबांनी फार फरक पडला नसावा, असं मला वाटतं. पण पोटरी दुखते हे पहिल्याच दिवशी कळलं असतं, तर बरं झालं असतं.” बाजूला चाकाच्या खुर्चीत बायको बसली होती. ती चटकन म्हणाली, “मीच नाही सांगितलं. माझीच चूक.” आणि त्याला वाटलं, इथेच जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं. तेवढी एक शिक्षा मागितली होती, तीही हिने आपल्या अंगावर घेतली.

परत येताना तो मागे तिच्यापाशी बसला. त्याला जोडीदार आठवत होता, सीटवर बसून पेडल दाबणारा. तो दिसायचा नाही, गाडीच्या पत्र्यापलीकडून नुसता आवाज यायचा. खाली पडलेल्याला बुडबुडे दिसतात, पण पेडल पायाला कसा लागतोय ते वरच्यालाच कळतं. हवा निघाली असं याला वाटायचं आणि वरून आवाज यायचा, अजून मऊ लागतंय. बस्स, मग चर्चा नाही. तो पुन्हा चावी उघडायचा. एकदा म्हणून त्याने विचारलं नव्हतं की तुला काय कळतं, मला शिकवू नकोस. तो माणूस दारू प्यायचा, उधार मागायचा, खोटं बोलायचा, पण पेडलवर पाय असताना तो जे म्हणेल ते खरं. आणि ही? हिचं तर स्वतःचंच पोट. सांडतंय म्हणाली तर सांडत होतं. मोठ्या बसच्या शेडमध्ये हवेवर चालणारे ब्रेक असायचे, तिथल्या फिटरांना हे तेलवाले तुच्छ समजायचे, हवेवर काय चालतं म्हणायचे. बस थांबायचीच की त्यांची. त्याने एकदाही त्या शेडमध्ये जाऊन विचारलं नव्हतं, कसं रे चालतं तुमचं?

संध्याकाळी त्याने हात धुतले, नवी खोकी उघडली. ही सिरिंज आधीच्यापेक्षा मोठी होती. ती पलंगावर पडली, गाऊन वर केला, छताकडे बघू लागली. खिडकीतून तिरपं ऊन तिच्या पोटावर आलं होतं, आणि त्या उजेडात त्याला रोजचे काळेनिळे डाग पुन्हा दिसले, काही हिरवे पडलेले, काही पिवळे. औषधाने होतात असे डाग, त्यात घाबरण्यासारखं नाही, असं सांगितलेलं त्याच्या नीट लक्षात राहिलं होतं. सोयीचं सगळं लक्षात राहतं. त्याने टोपण काढलं. आणि हात आपसूक वर गेला, सुई उजेडाकडे झाली, बोट टिचकीसाठी वळलं. बुडबुडा आत चमकत होता, गोल, निवांत. त्याच्या सगळ्या अंगाला तो नको होता. अंगठा ताठ झाला. कळलेलं डोक्यात असतं, हाताला कोण सांगणार? त्याने बायकोकडे बघितलं. ती बघत होती. छताकडे नाही, सुईकडे. तिला दिसत होतं तो काय करायला निघालाय ते, आणि ती गप्प होती. ओठ घट्ट मिटून, श्वास धरून, औषध पुन्हा सांडायची वाट बघत गप्प.

“बोल ना,” तो म्हणाला. आवाज चढलाच, सवयीने. त्याने तो खाली आणला. “बोल. चुकतोय ना मी?”

तिने यात काही फसवणूक तर नाही, असं बघावं तसं त्याच्याकडे बघितलं.

“सुई खाली करा,” ती म्हणाली.

त्याने केली. बुडबुडा हळूच उलटा तरंगत दांड्यापाशी जाऊन बसला, औषधाच्या मागे. त्याने घडी चिमटीत धरली, सुई सरळ घातली आणि दाबायला लागला. औषध संपलं, आणि त्याच्यामागून हवा निघाली, शेवटचे थेंब आत ढकलत. त्याच्या मानेवर घाम आला. दांडा तळाला टेकला. पोट कोरडं होतं. त्याने सुई काढली, आणि सुटल्यासारखा श्वास सोडला, पण चिमटी सोडायची राहिलीच.

“अजून एक सांगू?” ती म्हणाली. “चिडणार नसाल तर.”

“सांग.”

“चिमटी फार घट्ट धरता हो. सुईचं काही वाटत नाही मला. बोटांचंच दुखतं. पहिल्या दिवसापासून.”

त्याने खाली बघितलं. डाग जोडीजोडीने होते. एक अंगठ्याएवढा, समोर एक बोटाएवढा, सगळ्या पोटावर. हे काही औषधाने केलेलं नव्हतं. आत्ता काही म्हटलं तर पुन्हा चिडल्यासारखंच ऐकू येईल, हे त्याला कळलं. त्याने बोटं थोडी सैल केली.

“एवढी?” त्याने विचारलं.

“अजून थोडी,” ती म्हणाली.